‘बरा झाला’ असे सगळे म्हणतात, मग तो असा का वागतो?

नागपूरहून एका आईने पाठवलेले पत्र, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, थोडक्यात असे आहे :

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि यंदा सहावीत गेला. जानेवारीत संक्रांतीच्या दिवशी तो वडिलांसोबत गच्चीवर होता. वडील पतंग उडवत होते, याच्या हातात चक्री होती. मागे सरकता सरकता तो बुटक्या कठड्यावरून खाली गल्लीत पडला. तीन दिवस शुद्ध नव्हती. डोक्यात साकळलेले रक्त ऑपरेशन करून काढावे लागले. दवाखान्यात भरती असताना दोनदा फिट आली, त्याचे औषध अजून सुरू आहे. एप्रिलपर्यंत तो पूर्वीसारखा चालू-बोलू लागला, नंतरचा स्कॅन चांगला आला, डॉक्टरांनी शाळेत पाठवायला हरकत नाही असे सांगितले आणि आम्ही मोहल्ल्यात पेढे वाटले. जूनअखेर शाळा सुरू झाल्यापासून मात्र रोज तक्रारी येतात. फळ्यावरचे उतरवत नाही, डोके बाकावर ठेवून झोपतो, एका मुलाला ढकलले. घरी वही उघडून तासभर नुसता बसतो, लहान बहिणीवर ओरडतो, एकदा जेवणाचे ताट फेकले आणि मग स्वतःच रडला. त्याचे वडील म्हणतात की आजारपणात लाडावला. त्यांनी मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी रोज दोन शिकवण्या लावल्या आहेत. सासूबाईंना वाटते की त्याला नजर लागली. शाळेतल्या बाई दिव्यांग प्रमाणपत्राचे बोलल्या, पण त्यामुळे त्याच्यावर जन्माचा शिक्का बसेल अशी भीती वाटते. त्याला पुन्हा पाचवीत बसवावे का? मी नोकरी सोडावी का? आणि मुख्य म्हणजे तो हे सगळे मुद्दाम करतो की दुखापतीमुळे, हे मला कसे कळेल? त्यावरच मी कडक व्हायचे की सोडून द्यायचे हे ठरणार आहे. परवा रात्री त्याने विचारले, ‘आई, मी येडा झालो का?’ मला काही सुचले नाही. मी दिवा बंद केला.

प्रिय ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न काही आठवडे थांबू शकतात, पण त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर फार दिवस राहून जाता कामा नये. ‘मी येडा झालो का’ असे विचारणाऱ्या मुलाने आपल्यात काहीतरी बदलले आहे हे स्वतःच ओळखलेले असते, आणि मोठी माणसे त्याविषयी आपल्याशी बोलत नाहीत हेही त्याच्या ध्यानात आलेले असते. उत्तर मिळाले नाही की मूल ते स्वतः बनवते, आणि ते बहुधा सर्वांत वाईट असते. तुम्ही दिवा बंद केलात यात तुमचा दोष नाही. तुम्हाला कोणी शब्दच दिले नव्हते. ते शब्द साधारण असे असू शकतात : ‘नाही रे बाळा, तू येडा झाला नाहीस. तू पडलास तेव्हा तुझ्या मेंदूला मार लागला. हात मोडला असता तर प्लास्टर दिसले असते आणि कोणी तुला बादली उचलायला सांगितली नसती. मेंदूचा मार बाहेरून दिसत नाही, म्हणून सगळे तुला पूर्वीइतकेच काम सांगतात. विसरायला होते, लवकर थकवा येतो, एकदम राग येतो, हे त्या मारामुळे होते. काही गोष्टी हळूहळू सुधारतील, आणि ज्या सुधारायला वेळ लागेल त्यांच्यासाठी आपण युक्त्या शोधू.’ हे दिवसा सांगा, तो ताजातवाना असताना, आणि एकदाच सांगून थांबू नका. त्याच्या लक्षात राहीलच असे नाही, म्हणून पुन्हा सांगाल तेव्हा ‘मागे सांगितले होते ना’ असे म्हणू नका. ‘सगळे अगदी पूर्वीसारखे होईल’ असे वचन मात्र देऊ नका. ते तुमच्या हातात नाही, आणि ते खरे ठरले नाही तर तुमच्या इतर शब्दांवरचाही त्याचा विश्वास उडेल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तो मुद्दाम करतो की दुखापतीमुळे, हे आधी कळले पाहिजे आणि मग वागायचे कसे हे ठरेल, असे तुम्ही धरून चालला आहात. ताई, मला वाटते की या प्रश्नाचे उत्तर कोणालाच नीट देता येणार नाही आणि त्याची तुम्हाला गरजही नाही. आपण ज्याला ‘मुद्दाम’ म्हणतो ते सगळे, म्हणजे मनात आलेले दाबून ठेवणे, कंटाळवाणे काम सुरू करणे, परिणामाचा आधी विचार करणे, हे मुख्यतः कपाळामागचा मेंदूचा भाग करत असतो, आणि डोक्याच्या मोठ्या दुखापतीत त्या भागाला व त्याला इतर भागांशी जोडणाऱ्या तंतूंना इजा होण्याची शक्यता बरीच असते. वही उघडून तासभर बसलेला मुलगा आळशी दिसतो. पण ‘सुरुवात करणे’ हेही मेंदूचे एक वेगळे काम आहे आणि दुखापतीनंतर नेमके तेच अडू शकते. त्याला गणित येत असते, करायचेही असते, पण पहिली ओळ लिहिण्याचा धक्का आतून मिळत नाही. तुम्ही शेजारी बसून पहिली पायरी मोठ्याने म्हटलीत आणि त्याची पेन्सिल चालू लागली, तर तो आळस नव्हता हे तुमचे तुम्हालाच दिसेल.

शिक्षेचेही तसेच आहे. मार किंवा ओरडा खाऊन मूल सुधारायचे असेल तर त्याला तो प्रसंग आठवावा लागतो, शिक्षेचा आणि आपल्या वागण्याचा संबंध जोडावा लागतो आणि पुढच्या वेळी ऐन क्षणी स्वतःला थांबवावे लागते. तुमच्या मुलाच्या मेंदूला आज हीच तीन कामे जड जात आहेत. म्हणून कडक व्हायचे की सोडून द्यायचे, हे दोनच रस्ते समोर ठेवू नका. त्याला शिस्त हवी आहे आणि पूर्वीपेक्षा जास्तच हवी आहे, पण ती ठरलेल्या वेळांची, ठरलेल्या जागांची आणि कमी शब्दांची हवी. सकाळी काय, दुपारी काय, संध्याकाळी काय हे भिंतीवर चित्रांसह लिहिलेले असावे. दप्तर भरायची यादी दप्तराच्या झाकणाला आतून शिवलेली असावी. ‘हातपाय धुऊन, कपडे बदलून, डबा घासायला टाकून अभ्यासाला बस’ ही तुम्हाला एक सूचना वाटते, पण त्याच्यासाठी त्या चार आहेत आणि चौथीपर्यंत पोहोचताना पहिली गेलेली असते. एकेक सांगा आणि एक झाल्यावर दुसरी सांगा.

तुमचे घर, शाळा आणि पेढे खाणारे नातेवाईक सगळेच आणखी एक गोष्ट गृहीत धरत आहेत : स्कॅन चांगला आला म्हणजे मेंदू बरा झाला. स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज, हाडाची चीर दिसते. डोक्याला जोराचा हिसका बसतो तेव्हा मेंदूच्या पेशींना जोडणारे अतिसूक्ष्म धागे ताणले जातात किंवा तुटतात. सीटी स्कॅनमध्ये ते पुष्कळदा दिसतच नाहीत, एमआरआयमध्येही सगळे दिसतील असे नाही. शिवाय स्कॅन ही मेंदूच्या रचनेची प्रतिमा असते. तो मेंदू चाळीस मुलांच्या गोंगाटात, पंख्याच्या खडखडाटात, फळ्यावरचे वाक्य वाचून लक्षात ठेवून वहीत उतरवण्याचे काम किती वेगाने करतो, हे ती सांगू शकत नाही. तुमच्या डॉक्टरांनी ‘शाळेत पाठवा’ म्हटले ते चुकीचे नव्हते. जीव वाचवणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी उत्तम केले. शाळेतला दिवस कसा पेलायचा हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे जाणकार वेगळे आहेत.

अडचण जूनअखेरच का दिसू लागली, याचाही विचार करा. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. एप्रिल ते जून तो घरी होता, कोणी त्याच्याकडून फारसे काही मागत नव्हते, म्हणून उणीव दिसली नाही. दुखापत जानेवारीतलीच आहे. ती दिसण्याइतकी मागणी जूनमध्ये सुरू झाली. हे पुढेही घडू शकते आणि त्याची तयारी असलेली बरी. कपाळामागचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. लहानपणी इजा झालेला भाग ज्या वयात कामाला यायला हवा त्या वयात कमी पडतो, त्यामुळे सातवी-आठवीत, स्वतःच्या अभ्यासाचे नियोजन स्वतः करायची वेळ आली की नवी अडचण पुढे येऊ शकते. ‘लहान आहे, लवकर भरून निघेल’ या समजुतीला शास्त्रातही एकेकाळी आधार होता. 1930 च्या दशकात मार्गारेट केनार्ड या अमेरिकन संशोधिकेने माकडांवर प्रयोग केले, तेव्हा मेंदूच्या हालचालींच्या भागाला इजा झालेली पिले मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरलेली दिसली, आणि त्यावरून लहान मेंदू जास्त सहज सावरतो असे सरसकट मानले जाऊ लागले. पुढच्या संशोधनातून चित्र बरेच गुंतागुंतीचे निघाले. लहान मेंदू लवचीक असतो हे खरे; पण ज्या गोष्टी अजून शिकायच्याच आहेत त्यांच्या पायाला धक्का बसलेला असतो, हेही तितकेच खरे. तुमच्या मुलाला दुखापतीपूर्वी पाठ झालेले पाढे आजही येत असतील आणि नवा धडा मात्र डोक्यात टिकत नसेल, तर त्याचे कारण हेच आहे. ‘पाढे येतात म्हणजे डोके चालते, मग धडा का येत नाही,’ असे त्याला कोणी म्हणत असेल तर थांबवा.

हे मी इतके आग्रहाने लिहिते आहे, कारण मी स्वतः बरीच वर्षे शाळेत शिकवले आणि एका मुलीच्या बाबतीत माझ्याकडून हीच चूक झाली. मेंदूज्वरातून उठून ती वर्गात परतली होती, चेहऱ्यावर आजाराची खूणही नव्हती. वही अपुरी म्हणून मी तिला दोन तास उभे केले. ती काही बोलली नाही. वर्षाअखेर तिच्या आईने मला सांगितले की घरी गेल्यावर ती रोज संध्याकाळी सहा वाजताच झोपून जायची आणि जेवायलाही उठायची नाही. मी तिला कधी विचारलेच नव्हते. आज शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते. पण मला तेव्हा कायद्याच्या आधी गरज होती ती कोणीतरी एक कागद माझ्या टेबलावर ठेवण्याची, ज्यावर तिला काय झेपते आणि काय झेपत नाही ते लिहिलेले असेल.

म्हणून तुमच्या घरातल्या सर्वांत तातडीच्या बदलाकडे येते : त्या दोन शिकवण्या बंद करा. पुढच्या महिन्यापासून नको, आताच. मेंदूच्या दुखापतीनंतरचा थकवा हा आपल्या थकव्यासारखा नसतो. आपण जे न कळत करतो, आवाज वगळणे, बाकावर ताठ बसणे, ओळ न चुकवता वाचणे, ते सगळे त्याला जोर लावून करावे लागते आणि दुपारपर्यंत त्याची शक्ती संपलेली असते. त्यानंतर शिकवणीत घातलेले दोन तास अभ्यासात जमा होत नाहीत, ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळमधून वजा होतात. शाळेतून आल्यावर अंधाऱ्या, शांत खोलीत पाऊण-एक तास विश्रांती, मग काही खाणे, मग वीस मिनिटे अभ्यास, दहा मिनिटे मोकळीक आणि पुन्हा वीस मिनिटे अभ्यास, एवढे पुरे. विश्रांती म्हणजे मोबाइल नव्हे. मोबाइल मेंदूला काम देतो. अभ्यासाच्या खोलीत टीव्हीचा आवाज, स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज आणि उन्हाळ्यात कूलरची अखंड घरघर येते का, तेही पाहा. आपल्याला सवय झालेली असते, त्याला मात्र त्या घरघरीशी झगडून वाचावे लागते.

दोन आठवडे एक साधी वही ठेवा. राग आला, विसरला, झोपला, डोके दुखले, असे काही घडले की किती वाजता, त्याआधी अर्धा तास काय चालले होते, रात्री किती झोप झाली होती आणि औषध केव्हा दिले होते, एवढेच लिहा. ताट फेकले तो प्रसंग बहुधा शिकवणीनंतरचा, भुकेचा आणि घरात पाहुणे असल्याचा निघेल. मग उपायही तिथेच सापडतो, म्हणजे राग येण्याआधी, तो येऊ नये म्हणून. राग आलाच, तर त्या क्षणी समजावू नका. आवाज खाली आणा, शब्द कमी करा, बहिणीला दुसऱ्या खोलीत न्या आणि त्याला शांत होऊ द्या; बोलणे अर्ध्या-एक तासाने. नंतर तो रडतो असे तुम्ही लिहिले आहे. त्याला पश्चात्ताप होतो आहे. त्यावर आणखी मीठ चोळायची गरज नसते. बहिणीलाही स्वतंत्रपणे सांगा की दादाला मार लागला आहे म्हणून तो चिडतो, त्यात तिची चूक नाही, आणि त्याने तिला मारले तर तिने आधी तुमच्याकडे यायचे. दादा आजारी म्हणून तिने सगळे सोसायचे, असे मात्र होऊ देऊ नका.

ती वही घेऊन तुमच्या शल्यचिकित्सकांकडे किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे पुन्हा जा आणि चार गोष्टी स्पष्टपणे विचारा. पहिली फिटच्या औषधाविषयी. तुम्ही त्याचे नाव लिहिलेले नाही, पण लेव्हेटिरासेटमसारख्या नेहमीच्या औषधाने काही मुलांमध्ये चिडचिड वाढते, तर फेनोबार्बिटोनमुळे चंचलपणा वाढू शकतो आणि शिकण्यावर परिणाम होऊ शकतो. औषध स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, त्याने जोराची फिट येऊ शकते. बदलता येईल का, एवढे विचारा. दुसरी गोष्ट म्हणजे नजर आणि कान : डोक्याला मार लागल्यावर ऐकू कमी येणे किंवा दृष्टीचा एखादा कोपरा कमी दिसणे संभवते, आणि फळ्यावरचे न उतरवण्याचे कारण तेही असू शकते. तिसरी, झोप आणि वाढ : मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला धक्का बसला असेल तर उंची, तहान, थकवा आणि वयात येणे यांवर परिणाम होतो, आणि रक्ततपासणीतून ते कळू शकते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी. तीत स्मरण, लक्ष, विचारांचा वेग, भाषा, नियोजन हे सगळे वेगवेगळे मोजतात. नुसता बुद्ध्यांक काढून घेऊन समाधान मानू नका. तो चांगला येऊनही विचारांचा वेग फार मंदावलेला असू शकतो, आणि मग ‘बुद्धी चांगली आहे, अभ्यास करत नाही’ हाच शेरा पुन्हा मिळतो. नागपुरात यासाठी फार लांब जावे लागणार नाही. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण अनेक दशकांपासून चालते आणि तिथे उपचारही मिळतात. मिहानमधले एम्स आणि दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी असलेले केंद्र सरकारचे समेकित क्षेत्रीय केंद्र, या ठिकाणीही चौकशी करता येईल. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे फक्त हातांचे व्यायाम नव्हेत. दप्तर कसे भरायचे, लिहिताना थकवा कसा टाळायचा, दिवसाची आखणी कशी करायची, हे त्यांचेच काम असते. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, तो अकारण गुंगीत गेला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच वेळी दवाखाना गाठा.

शाळेत जाताना तक्रार घेऊन जाऊ नका आणि विनवणीही करू नका. एक पानाचे पत्र न्या, त्याला डॉक्टरांच्या पत्राची जोड द्या आणि मागण्या नेमक्या ठेवा : पहिल्या बाकावर, खिडकी व दारापासून दूर जागा, फळ्यावरचे उतरवण्याऐवजी छापील कागद किंवा मित्राच्या वहीचा फोटो, दहा उदाहरणांऐवजी चार, चाचणीला जास्त वेळ, थकल्यावर दहा मिनिटे शांत बसायला एक ठरलेली जागा, आणि खेळाच्या तासाला धक्काबुक्की होणारे खेळ नकोत, कारण डोक्याला दुसरा मार लागणे त्याच्यासाठी फार धोक्याचे आहे. शाळेतली एकच व्यक्ती नेमून मागा, जिच्याकडे तो जाईल आणि जी तुम्हाला आठवड्यातून एकदा फोन करील. फिट आली तर काय करायचे हेही त्याच पत्रात लिहा : कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचे आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखान्यात न्यायचे.

ज्यांची मुले दुखापतीमुळे नव्हे, तर अपस्मार, सेरेब्रल पाल्सी किंवा मेंदूज्वरामुळे अडली आहेत, त्यांनाही या पत्राचा मसुदा जवळपास असाच वापरता येईल. फक्त मागण्या आपल्या मुलाच्या थकव्याप्रमाणे आणि अडचणीप्रमाणे बदला.

प्रमाणपत्राची तुमची भीती मी समजू शकते, पण तो शिक्का कोणाच्या डोळ्यांत असतो याचा विचार करा. आज वर्गात त्याच्यावर ‘आळशी’ आणि ‘भांडखोर’ असे दोन शिक्के आधीच बसले आहेत, आणि त्यांच्या बदल्यात त्याला कोणतीच सवलत मिळत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. मेंदूची दुखापत असा वेगळा शब्द त्या यादीत नाही; तिच्यामुळे हालचाल, वाचा, बुद्धी किंवा मनःस्थिती यांपैकी कशावर किती परिणाम झाला त्यावरून प्रमाणपत्र मिळते, आणि अनेक लाभांसाठी ते प्रमाण किमान 40 टक्के असावे लागते. स्थिती बदलण्याजोगी असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचेही मिळू शकते, त्यामुळे ते जन्माचेच असते असे नाही. दुखापतीला अजून वर्षही झालेले नाही, सुधारणा सुरू आहे, त्यामुळे मी आज घाई करणार नाही. आधी तपासणी करून घ्या, शाळेशी बोला, आणि वर्ष-दीड वर्षाने अडचण कायम दिसली तर न कचरता अर्ज करा. दहावीच्या परीक्षेत जास्त वेळ किंवा लेखनिक मागायचा झाला तर कागद लागतातच, आणि ते ऐन वेळी मिळत नाहीत.

पुन्हा पाचवीत बसवण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. तोच अभ्यासक्रम त्याच पद्धतीने दुसऱ्यांदा शिकवल्याने विचारांचा वेग वाढत नाही, आणि संक्रांतीपूर्वी त्याला जे मित्र ओळखत होते तेवढे मात्र जातात. मित्र ही या वयात मोठी थेरपी आहे. पण जानेवारीपासूनचे जे बुडाले ते इतके असेल की सहावीचे काहीच पकडता येत नाही, आणि तपासणी करणाऱ्यांचेही तेच म्हणणे असेल, तर दिवाळीनंतर विचार करा, आणि तेव्हा त्यालाही विचारा.

नोकरी इतक्यात सोडू नका. तुमच्या मुलाला पुढची काही वर्षे उपचार, तपासण्या आणि कदाचित वेगळी शाळा लागेल, या सगळ्याला पैसा लागतो; आणि दिवसभर तुम्हीच त्याच्या समोर असाल तर त्याचा सगळा राग आणि तुमची सगळी काळजी एकाच खोलीत कोंडली जाईल. वेळ बदलून मिळते का, आठवड्यातून एक दिवस लवकर निघता येते का, हे आधी पाहा. झोप लागत नसेल, सारखे रडू येत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या विनाशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येते. तो फक्त आजारी माणसांसाठी नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी दृष्ट काढली तर काढू द्या. औषध चुकवायचे नाही, धुरी द्यायची नाही आणि त्याला उपाशी ठेवायचे नाही, एवढ्या तीन अटी मात्र घाला. संध्याकाळच्या शांत वेळी त्याच्यासोबत अष्टचंग किंवा पत्ते खेळणे हे त्यांच्यावर सोपवा. वाट पाहणे, मोजणे, हरल्यावर सावरणे, हे सगळे त्यात येते आणि आजीइतका सवडीचा खेळगडी त्याला दुसरा मिळणार नाही. पोळा तोंडावर आला आहे. तान्ह्या पोळ्याला तो बहिणीसोबत लाकडी बैल घेऊन मोहल्ल्यात अर्धा तास फिरू दे, पण त्याच दिवशी महाल-इतवारीच्या गर्दीत मारबतीची मिरवणूक पाहायला यंदा नेऊ नका. ढोल, धक्के आणि ऊन एकत्र आले की पुढचे दोन दिवस त्याला आणि तुम्हालाही जड जातील.

त्याच्या वडिलांविषयी शेवटी लिहिते, कारण पत्रात तुम्ही त्यांच्यावर रागावलेल्या दिसता. पतंग त्यांच्या हातात होता आणि चक्री मुलाच्या. त्या दुपारविषयी ते घरात कोणाशी बोलले आहेत का? माझा केवळ अंदाज आहे, पण मुलगा बरा झाला, आता फक्त लाडावला आहे, असे धरून चालले की ती दुपार संपते; आणि तो अजून बरा झालेला नाही असे मानले की ती दुपार रोज नव्याने सुरू होते. शिकवण्यांचे पैसे भरणे ही त्यांची भरपाई असू शकते. त्यांना ‘तुम्ही चुकता’ असे सांगण्यापेक्षा डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला सोबत न्या आणि वरचे चार प्रश्न त्यांनाच विचारू द्या. वहीतल्या नोंदीही एक दिवसाआड त्यांनी कराव्यात. डोळ्यांनी पाहिलेले माणूस ऐकलेल्यापेक्षा लवकर मानतो.

येत्या जानेवारीत आसपासच्या गच्च्यांवरून ‘ओ काट’चा आरडाओरडा सुरू होईल तेव्हा तुमचा मुलगा तुम्हाला पतंगाविषयी विचारील, याची मला खात्री वाटते. त्या वेळी घरात एकमेकांकडे बघत बसू नका. उत्तर आताच ठरवून ठेवा. गच्ची नाही, हे पक्के. शल्यचिकित्सकांची परवानगी असेल तर सकाळी गर्दी होण्याआधी एखाद्या सपाट मोकळ्या मैदानावर अर्धा तास जायचे, साधा सुती मांजा घ्यायचा, पतंग त्याच्या हातात द्यायचा आणि चक्री वडिलांनी धरायची.